छान म्हटलेली चटई

माझी भावजय तोकिलुपे रस्त्यानं जाणाऱ्या कुत्र्यालासुद्धा "कुठे निघालास?" असं विचारल्याशिवाय सोडत नाही. आमच्या टोंगात सगळेच विचारतात म्हणा. माणूस समोर आल्यावर दुसरं विचारायचं तरी काय? पण बाकीचे विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. तोकी थांबते. कुठे, कुणाकडे, कशाला, येताना हात हलवत येणार की काही घेऊन येणार, सगळं ऐकून घेते. तिला बाजारात पाठवलं की आपण निवांत दुसरी कामं उरकून घ्यावीत.

माझा भाऊ गेला तेव्हा त्यांची मुलगी फुसी शाळेतही जात नव्हती. आमच्यात आत्येचा मान फार मोठा, म्हणून मी तोऱ्यात म्हटलं, दोघी माझ्याकडे येऊन राहा. तोकी म्हणाली, "वन्सं, मी तुमच्याकडे आले तर तुम्हाला बोलायला वेळच मिळायचा नाही." आणि राहिली आपल्याच घरी. किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी एक लॉज निघालं होतं. तिथल्या गोऱ्या पाहुण्यांना गाव दाखवायचं काम तिनं धरलं, आणि त्यावरच पोरीला मोठं केलं.

गाव दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं, हा प्रश्न आम्हाला पडला होता. खडकांच्या भोकांतून समुद्र उसळतो ती जागा, आणि वटवाघळं लटकतात ते झाड. समुद्र बघायला कुणी जातं का? माणूस समुद्रावर जातो तो मासे आणायला. पण पाहुणे तिथं तासन् तास उभे राहायचे, पाणी उडलं की फोटो काढायचे, पुन्हा उडलं की पुन्हा काढायचे. तोकीला आधी वाटायचं की पहिला फोटो बिघडला असेल.

त्यांना समुद्र बघायचा असायचा आणि हिला ते बघायचे असायचे. वय किती, लग्न झालं का, मुलं किती, नसली तर का नाहीत, हे भोकापर्यंत पोचायच्या आत विचारून व्हायचं. पाहुणे लाल व्हायचे. एका बाईनं तोंडावर सांगितलं की हे खासगी आहे. तोकी घरी आली ती विचारात पडूनच.

"वन्सं, मुलं किती यात खासगी काय? मुलं काय माळ्यावर लपवून ठेवतात तिकडे?"

"तू विचारू नकोस ना मग."

"नाही विचारलं तर त्यांना वाटेल, हिला आपलं काही पडलेलंच नाही."

पाहुण्यांची तऱ्हा वेगळी. ते विचारत नाहीत, ते छान म्हणतात. टोपली छान, पंखा छान, पडदा छान, डुक्कर छान. आम्ही "कुठे निघालात" म्हणतो तसंच ते, त्यात काही अर्थ नसतो. पण हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्यात कुणी आपल्या वस्तूकडे बघून छान म्हटलं, की ती उचलून त्याच्या हातात द्यायची. नाही दिली तर माणूस हलका ठरतो. त्यामुळे पहिल्या वर्षी तोकीचं घर जवळजवळ रिकामं झालं. एका जोडप्यानं तिची कोंबडी छान म्हटली, तर हिनं ती अंड्यावरून उठवून त्यांना दिली. ती दोघं कोंबडी काखेत धरून विमानतळावर गेली, असं लॉजची स्वयंपाकीण अजून सांगते.

पुढे तोकी शहाणी झाली. पाहुणे यायचे असले की घरातलं जे जे चांगलं ते माझ्या पलंगाखाली येऊन पडायचं. मी म्हणायची, "माझ्या घराला तू गोदाम केलंस." ती म्हणायची, "तुमच्या घरात कुणी छान म्हणेल असं काही नाही, म्हणून तर बरं आहे."

फुसीचं लग्न ठरलं त्या आठवड्याची ही गोष्ट. लग्न शनिवारी होतं. मुलगा सेमिसी बेटाच्या दुसऱ्या टोकाचा, गरीब स्वभावाचा. त्याचे वडील पेनिसिमानी मात्र भारी माणूस. कोनफळाचे मोठे मळे, चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणं, आणि बोलणं असं की दिवसातून मोजून चार वाक्यं. असा माणूस समोर बसला की मलासुद्धा पाय जवळ घेऊन बसावंसं वाटतं, आणि मी काही कुणाला घाबरणारी नाही.

मंगळवारी पेनिसिमानी आणि त्यांची बायको लग्नाचं बोलायला तोकीकडे आले होते. पडवीत आम्ही सगळे बसलो होतो. अळूच्या पानात नारळाच्या दुधाबरोबर शिजवलेलं मांस, भाजलेला नीरफणस, सगळं व्यवस्थित चाललं होतं. अंगणात दोरीवर तोकीच्या आजीची चटई उन्हाला टाकली होती. कमरेला गुंडाळायची चटई, आमची ताओवाला. तिच्याशिवाय आमच्यात कुणी चर्चला जात नाही, लग्नाला नाही की मयतीला नाही. ही तर तोकीच्या आजीनं केवड्याची सगळ्यात बारीक पात काढून स्वतः विणलेली. तोकीची आई तिच्यात नवरी झाली, तोकी तिच्यात नवरी होऊन आमच्या घरी आली, आणि शनिवारी फुसी तिच्यात उभी राहायची होती. रंग मधासारखा गडद झालेला, कडा विरलेल्या, मध्ये एकदोन ठिकाणी भोकं. आमच्यात चटई जितकी जुनी तितका तिचा मान. तोकीकडे देण्याघेण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण ती चटई होती, आणि ती बघून पेनिसिमानींची बायको दोनदा उठून जवळ जाऊन आली होती. बाईनं तोंडानं काही म्हटलं नाही, तिला रीत ठाऊक होती.

तेवढ्यात फाटकातून केनेती आला. त्याचं खरं नाव केनेथ. टास्मानियाचा निवृत्त पोस्टमन, उंच, भाजलेल्या नाकाचा. लॉजवर उतरला होता आणि आदल्या दिवशी तोकीनं त्याला समुद्र दाखवला होता. जन्मभर लोकांच्या दारात टपाल टाकत फिरलेला माणूस. दार उघडलं की गुलाब छान, कुत्रा छान, बाळ छान म्हणायची सवयच लागलेली. त्याला फक्त विचारायचं होतं की वटवाघळं संध्याकाळी किती वाजता उडतात.

आता तोकीनं चटई आत का नाही नेली, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण आजवर एकाही पाहुण्यानं त्या चटईकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. एका बाईनं तर तिच्यावर पाय पुसले होते. त्यांना नवी, पिवळीधमक, सरळ कडांची चटई आवडते. जुनं विरलेलं बघून त्यांना आमची दया येते. म्हणून तोकी निर्धास्त होती.

केनेती वटवाघळांचं विचारता विचारता थांबला. दोरीजवळ गेला. हात लावला नाही, आधी आमच्याकडे बघून परवानगी घेतली, मग कडेवरून पालथा हात फिरवला. मग म्हणाला, "किती सुंदर आहे ही. एवढं सुंदर काम मी आयुष्यात पाहिलं नाही."

मी तोकीकडे पाहिलं. तोकी पेनिसिमानींकडे पाहत होती. पेनिसिमानी हातातला नीरफणस खाली ठेवून तोकीकडे पाहत होते.

तोकी उठली. चटई दोरीवरून काढली, घडी घातली, आणि दोन्ही हातांनी केनेतीपुढे धरली.

"अहो नाही, नाही," तो म्हणाला. "मी आपलं सहज म्हटलं."

"घ्या," तोकी म्हणाली. "तुमची आहे."

"मी कशी घेऊ?"

"घ्या ना. नाही म्हटलं तर मला वाईट वाटेल."

त्यानं घेतली. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वटवाघळांचं विचारायचं राहूनच गेलं. तोकी परत येऊन बसली आणि पेनिसिमानींच्या बायकोच्या पानात आणखी मांस वाढलं.

व्याही गेल्यावर फुसी म्हणाली, "असू दे आई. मी नवी नेसेन." आणि आत जाऊन नवी चटई काढून बसली. नवी चटई कडक असते, बसता उठता करकरते. ती तिला वाकवून वाकवून मऊ करू बघत होती. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. मी तोकीला म्हटलं, "मी जाते त्याच्याकडे आणि सांगते सगळं."

"वन्सं, दिलेलं परत मागायचं?"

"तू नको मागूस, मी मागते."

"तुम्ही मागितलं काय आणि मी मागितलं काय, व्याह्यांच्या कानावर गेलं की आयुष्यभर फुसीला ऐकून घ्यावं लागेल. तुम्हाला माझी शपथ आहे."

मागायचं नाही, ठीक. पण छान म्हणायला कुणाची बंदी आहे? बुधवारी सकाळी मी लॉजवर गेले. केनेतीनं चटई खोलीत भिंतीला टेकवून ठेवली होती, फुलं ठेवतात तशी. मी चटईसमोर उभी राहिले आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले, "फार छान आहे ही चटई."

"हो ना?" तो म्हणाला. "थँक यू."

मी वाट पाहिली. तो हसत उभा. मी पुन्हा म्हटलं, "अशी चटई मी पाहिली नाही."

"मीही नाही. बसा ना, चहा घेता?"

मी चहा घेतला. काय करणार? बोलता बोलता त्यानं माझ्या हातातल्या पंख्याकडे पाहिलं. नारळाच्या हिरांचा, माझ्या मावशीनं केलेला. "वा," तो म्हणाला, "काय सुरेख पंखा आहे." मी पंखा तिथं ठेवून घाम पुसत घरी आले.

गुरुवारी आमचे पाद्रीबाबा गेले. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, म्हणजे त्यांना तसं वाटतं. त्यांनी चटईची स्तुती प्रवचनासारखी केली, सुरुवात, मध्य, शेवट. केनेतीनं सगळं ऐकून घेतलं, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला की तुम्ही किती छान बोलता, आणि तुमची टोपीही छान आहे. पाद्रीबाबा परत आले ते बोडक्या डोक्यानं. "माणूस निष्पाप आहे," एवढंच म्हणाले आणि सावलीत जाऊन बसले.

लॉजच्या स्वयंपाकिणीनं दोनदा प्रयत्न केला. एकदा तिच्या कानातले गेले, एकदा तिनं बनवलेला नारळाचा मुरंबा. केनेती तिला म्हणत होता, "या गावातली माणसं मला समजतच नाहीत. मी काही म्हटलं की हातात काहीतरी ठेवतात. मी यांना काय देऊ?" आणि आम्हाला तो समजत नव्हता. सगळं गाव त्याला एकच गोष्ट सांगत होतं आणि तो प्रत्येकाला थँक यू म्हणत होता.

शुक्रवारी तोकीनं मला आणि पाद्रीबाबांना समोर बसवून झापलं. "बस्स झालं. माझ्या आजीची होती, मी दिली. त्याला आवडली म्हणून दिली. इतकी वर्षं त्या लोकांनी तिच्यावर पाय पुसले, या एकानं तिला ओळखलं. त्याच्या घरी ती नीट राहील." असं म्हणून ती चुलीकडे वळली आणि तिथं पाठमोरी उभी राहून रडली. मी उठले नाही. तिला माझ्यासमोर रडणं आवडत नाही.

आणि तोकीच ती, त्याच संध्याकाळी लॉजवर जाऊन केनेतीला लग्नाचं आमंत्रण देऊन आली. घरातलं कार्य असताना गावात आलेल्या माणसाला बोलावायचं नाही, हे तिच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

शनिवारी चर्चच्या दारात आम्ही सगळे जमलो होतो. फुसी नव्या चटईत उभी होती. पिवळीधमक, कडक. छान दिसत होती पोर, कुणी काही म्हणू नये एवढी छान, पण हलली की करकर आवाज व्हायचा आणि तोकी दुसरीकडे बघायची. पेनिसिमानी कमरेला त्यांची घरची जुनी चटई बांधून, हात मागे घेऊन उभे. त्यांनी सुनेच्या कमरेकडे एकदाच पाहिलं.

तेवढ्यात फाटकातून केनेती येताना दिसला. स्वयंपाकिणीनं त्याला बजावलं होतं की चर्चमध्ये कमरेला चटई नसलेला पुरुष म्हणजे उघडाच. आणि त्याच्याकडे चटई एकच होती. आजीची चटई त्यानं पँटवरून गुंडाळली होती, उलटी, आणि वर स्वतःचा चामडी पट्टा आवळला होता. डोक्यावर पाद्रीबाबांची टोपी, हातात माझा पंखा. आमचं अर्धं गाव अंगावर घालून माणूस आला होता.

कुणी हसलं नाही. तोकीचा चेहरा पांढरा पडला. पाद्रीबाबा बायबल उघडून काहीतरी शोधायला लागले.

फुसी पुढे गेली. नवरीनं असं पुढे जायचं नसतं, पण ती तोकीची मुलगी. केनेतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "केनेती, ही माझ्या पणजीनं विणलीय. तिचं नाव आना-सेइनी. इथे बघा, ही कड वेगळी दिसतेय ना? ही विणताना तिला माझी आजी झाली, म्हणून मधे काम थांबलं होतं. पुन्हा बसली तेव्हा पात दुसऱ्या वर्षीची होती."

"फुसी," तोकी दबक्या आवाजात म्हणाली. "गप्प बस."

"मी काही मागितलं का आई? पणजीचं नाव सांगितलं फक्त. त्यांना माहीत नको का, कुणाची आहे ते?"

केनेतीनं कडेकडे पाहिलं. मग फुसीच्या नव्या चटईकडे. मग तोकीकडे. मग माझ्याकडे, आणि हातातल्या पंख्याकडे. पाद्रीबाबांकडे पाहिलं तेव्हा ते उन्हात डोळे बारीक करून उभे होते. त्याचं भाजलेलं नाक आणखी लाल झालं. "आठवडाभर," तो हळूच म्हणाला, "तुम्ही सगळे मला हेच सांगत होता."

मी मनात म्हटलं, आता हा माफी मागणार, चटई परत देणार, आणि भरल्या लग्नात, व्याह्यांच्या देखत, तोकीचं देणं तिच्याच पदरात परत पडणार. असं झालं तर ती चटई न मिळालेली बरी.

पण तो जन्मभर लोकांच्या दारात उभा राहिलेला माणूस होता. कुठे काय बोलावं याची त्याला आमच्याहून जास्त समज होती, हे मी आता मान्य करते. त्यानं तोकीकडे पाहिलंच नाही. पट्टा सोडला, चटई काढली, घडी घातली. घडीसुद्धा धड जमली नाही. दोन्ही हातांनी फुसीपुढे धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्यात लग्नाला चटई देतात, असं मला सांगितलं. ही माझी आहे. मला एका मोठ्या मनाच्या बाईनं दिली. याहून चांगलं माझ्याकडे काही नाही. नवरीसाठी आणलीय."

फुसीनं घेतली. मी आत्या, चटई बांधायचा मान माझा. मी तिथंच तिची नवी चटई सोडली आणि जुनी गुंडाळली, सरळ बाजूनं, वर काथ्याची दोरी आवळली. अंगावर कापड पडावं तशी ती बसली. तोकी पुढे येऊन फुसीच्या पाठीवरची कड नीट करत राहिली, नीट होती तरीही. "आजी," एवढंच म्हणाली, आणि पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून सगळ्यांसमोर रडली. मीही रडले. लपवून काय करायचंय?

चर्चची घंटा झाली. लोक आत जायला लागले आणि केनेती बाहेरच थांबला. कमरेला आता काहीच नव्हतं, नुसती पँट, पट्टा हातात. त्यानं खुणेनंच सांगितलं की मी इथे दारात उभा राहतो, तुम्ही जा. फुसीची नवी चटई माझ्या हातात होती, पण ती आजीच्या चटईएवढी लांब नव्हती, त्याला पुरता वेढा बसला नसता.

पेनिसिमानी दारापर्यंत गेले होते. ते मागे फिरले. केनेतीसमोर येऊन उभे राहिले आणि कमरेची दोरी सोडायला लागले.

"अहो, हे काय करताय?" त्यांची बायको म्हणाली. "पोराचं लग्न आहे तुमच्या."

पेनिसिमानींनी स्वतःची चटई काढली, वाकून केनेतीच्या कमरेला गुंडाळली, दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली. केनेती काहीतरी बोलायला गेला, बहुतेक छान म्हणणार होता, पण या खेपेला त्यानं तोंड मिटलं. मग पेनिसिमानी तोकीकडे वळले.

"मंगळवारी मी पडवीत होतो," ते म्हणाले. "तुम्ही काय दिलंत ते मी पाहिलं होतं. घरी गेल्यावर मी सेमिसीला म्हटलं, चटई येवो न येवो, आपल्याला घर चांगलं मिळालं."

तोकीनं त्यांना आत चला म्हटलं. आम्ही सगळे आत गेलो. मुलाच्या लग्नात बाप पहिल्या रांगेत चटईविना उभा होता, शेजारी केनेती त्याची चटई बांधून, आणि त्या दिवशी चर्चमध्ये कुणीही त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं नाही.